एअरबॅग बंद करण्याचा हक्क हवा, उपटण्याचा नको

मोटारींच्या जाहिरातींनी आपल्याला एअरबॅग मोजायला शिकवले. दोन असतील तर गाडी कामचलाऊ, सहा असतील तर कुटुंबवत्सल. या हिशेबात कुणी ‘मला माझ्या गाडीतली एक एअरबॅग बंद करायची आहे’ म्हणाला, तर तो अडाणी तरी ठरतो किंवा बेफिकीर तरी. मग कधीतरी बातमी येते, की बॅग उघडली आणि पुढच्या सीटवरचे मूल गेले. लगेच तीच माणसे चार दिवस म्हणू लागतात, की ही बलाच काढून टाकली पाहिजे. दोन्ही मते उथळ आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: एअरबॅग ही स्वयंभू वस्तू आहे, तिच्या असण्या-नसण्यावर सगळे ठरते.

माझे म्हणणे असे. एअरबॅग हे ठरावीक बांध्याच्या, ठरावीक अंतरावर बसलेल्या, पट्टा बांधलेल्या शरीरासाठी योजलेले बळ आहे. ज्या सीटवर या अटी पाळताच येत नाहीत, तिथे ती तात्पुरती बंद करता आली पाहिजे आणि त्यासाठी कायद्यात उघड वाट हवी. ती कायमची उपटून टाकण्याला मात्र जवळजवळ कधीच समर्थन नाही. भारतातला कायदा या दोहोंत फरकच करत नाही. त्याने एअरबॅग बसवण्याची सक्ती केली. ती कुणासमोर आणि केव्हा गप्प राहावी, हा प्रश्न कारखानदाराच्या मर्जीवर आणि गल्लीतल्या वायरमनच्या हातावर सोडून दिला.

१. बॅग काय गृहीत धरते

समोरून धडक बसली की सेन्सर ती ओळखतो, कंट्रोल युनिट निर्णय घेते, इन्फ्लेटरमधले रसायन पेटते आणि वायूने बॅग भरते. हे सगळे सेकंदाच्या विसाव्या भागात उरकते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात पिशवी फुगवायची तर ती ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर यावी लागते. जाहिरातीत दिसणारी मऊ उशी ही या घटनेची शेवटची अवस्था आहे. सुरुवातीची अवस्था हा छोटा स्फोट असतो.

सगळी रचना एका क्रमावर उभी आहे. आधी बॅग पूर्ण भरायची, मग शरीर तिच्यावर टेकायचे, आणि टेकत असताना तिने भोकांतून वायू सोडत बसायचे. शरीर आधीच झाकणाजवळ असेल तर क्रम उलटा होतो. भरत्या बॅगेचे सगळे बळ छाती, मान किंवा डोक्यावर येते. म्हणून अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था चालकांना सांगते, की छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा.

आता मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट पुढच्या सीटवर ठेवून पाहा. तिची पाठ डॅशबोर्डकडे येते आणि बाळाचे डोके झाकणाला जवळजवळ खेटते. तिथे २५ सेंटिमीटरचा प्रश्नच उरत नाही. इथे चालू एअरबॅग सुरक्षा कमी देते असे म्हणणेही पुरेसे नाही; धडकेत बाळाला मारणारी वस्तू तीच ठरू शकते. गाडीच्या सनव्हायजरवर बाळाच्या सीटचे फुली मारलेले चित्र असते, ते याचसाठी. आपण ते कधी वाचत नाही, हा भाग वेगळा.

२. बळ कुणी ठरवले

एअरबॅग इतकी जोरदार का असते, याचे उत्तर तंत्रज्ञानात कमी आणि इतिहासात जास्त आहे. अमेरिकेच्या जुन्या मानकात बॅगेची परीक्षा पट्टा न बांधलेल्या, सरासरी बांध्याच्या पुरुषाच्या पुतळ्यावर व्हायची. वेग ताशी तीस मैल. म्हणजे पट्टा न लावणाऱ्या धडधाकट बाप्याला थोपवता येईल एवढी बॅग जबर हवी. ती तशी बनवली गेली. तिच्यासमोर बुटक्या बायका आणि मुले बसणार आहेत, हे त्या मानकाच्या चाचणीत धरलेच नव्हते.

परिणाम नव्वदच्या दशकात दिसला. १९९० ते २००८ या काळात अमेरिकेत कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळेच २९० हून अधिक माणसे दगावली. जवळजवळ नव्वद टक्के मृत्यू १९९८ पूर्वीच्या गाड्यांत झाले आणि मृतांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा चुकीचा लावला होता. या आकड्यांसमोर दुसरा आकडा ठेवलाच पाहिजे: १९८७ ते २०१७ मध्ये पुढच्या एअरबॅगनी अमेरिकेत ५०,४५७ जीव वाचवले, असा सरकारी अंदाज आहे. आणि तिसराही. एकट्या २०१७ सालात एअरबॅगमुळे २,७९० जण वाचले, तर सीटबेल्टमुळे १४,९५५.

हे तिन्ही आकडे एकत्र वाचले की दोन्ही उथळ मते गळून पडतात. बॅग वाचवते, हे खरे. ती मारते, हेही खरे. पण ती दोन्हीपैकी काय करणार हे बहुतेक वेळा पट्टा आणि अंतर ठरवतात.

३. अमेरिकेने काढलेला मार्ग

मुलांच्या मृत्यूंवरून गदारोळ झाल्यावर अमेरिकी सरकारने दोन गोष्टी केल्या. १९९७ मध्ये बॅगेचे बळ कमी करायला परवानगी दिली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये नियम काढला, की जानेवारी १९९८ पासून ठरावीक लोकांना गाडीत चालू-बंद करणारे बटन बसवून घेता येईल. कारणे चारच मान्य झाली. मागे तोंड करणारी बाळाची सीट पुढे ठेवण्यावाचून गत्यंतर नसणे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला पुढे बसवावेच लागणे. चालकाला दहा इंचांचे अंतर राखता न येणे. आणि बॅगेचा धोका तिच्या फायद्याहून मोठा ठरवणारा आजार. अर्ज करायचा, कारण सांगायचे, सरकारचे पत्र मिळवायचे आणि मगच विक्रेत्याकडून किंवा दुरुस्तीवाल्याकडून बटन बसवून घ्यायचे.

आजाराच्या कारणाबाबत जुलै १९९७ मध्ये डॉक्टरांची परिषद भरली. पेसमेकर, चष्मा, गरोदरपण अशी कारणे घेऊन लोक येत होते. परिषदेने त्यातली बहुतेक नाकारली. गरोदर बाईने बॅग बंद करू नये, सीट मागे घ्यावी आणि कमरेचा पट्टा पोटाखालून बांधावा, हा सल्ला आजही कायम आहे. आपल्याकडे नेमक्या याच कारणासाठी गॅरेजमध्ये विचारणा होते, म्हणून मुद्दाम सांगितले.

त्या कायद्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. सुरक्षा उपकरण निकामी करण्याची बंदी उत्पादक, वितरक, विक्रेते, भाड्याने गाडी देणारे आणि दुरुस्तीचा धंदा करणारे यांच्यावर आहे. खुद्द मालकावर नाही. म्हणजे तुमचा हात तुम्ही तुमच्या गाडीत घाला, तुमचा तुम्ही भोगा. पण पैसे घेऊन कुणी हे काम करायचे नाही. व्यक्तीचे स्वातंत्र्य कुठे संपते आणि बाजार कुठे सुरू होतो, याची इतकी नेमकी रेघ फार थोड्या कायद्यांना ओढता आली आहे.

युरोपने आणखी सोपे केले. २००३ च्या निर्देशानुसार चालू एअरबॅगसमोर मागे तोंड करणारी बाळाची सीट ठेवायलाच मनाई आहे. मग कारखान्यांनी गाडीतच सोय दिली: ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डच्या कडेला किल्लीचे छोटे भोक, किल्ली फिरवली की पुढच्या प्रवाशाची बॅग बंद, आणि समोर पिवळा दिवा. बाळ उतरले की किल्ली परत फिरवायची.

४. आपला अर्धा कायदा

भारतात चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पुढच्या प्रवाशाची २०२१ मध्ये, आधी नव्या मॉडेलना आणि वर्षअखेरीस जुन्यांनाही. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगचा मसुदा आला, तो ऑक्टोबर २०२३ पर्यंत पुढे ढकलला गेला आणि शेवटी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीच सांगितले, की सक्ती करणार नाही. या सगळ्या काळात चर्चा एकाच गोष्टीची झाली: किती. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगूनही संख्येचा वाद थांबला नाही.

बंद करण्याबाबत काय? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हा निर्बंध कडक शब्दांत अधोरेखित केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नोंदणी प्रमाणपत्रावर (आरसीवर) एअरबॅगची नोंदच नसते, असा युक्तिवाद एखादा वकील करील. पण एअरबॅग ज्या सुरक्षा मानकाने सक्तीची झाली, त्याचा भंग करून गाडी चालवणे हाही वेगळा गुन्हा आहेच. तेव्हा गॅरेजमध्ये बॅग काढून घेणे बेकायदा आहे असे समजूनच चालावे.

आणि तरीही कायदेशीर वाट कुठली, याचे उत्तर नाही. कलम १९४-ब चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर हजार रुपये दंड ठोठावते. मूल पुढे बसवावे की मागे, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने भारतीय गाड्यांच्या निकालांत वर्षानुवर्षे तक्रार नोंदवली, की पुढच्या प्रवाशाची एअरबॅग बंद करण्याची सोय या गाडीत नाही. काही कंपन्यांनी मग ती दिली, काहींनी दिली नाही. ग्राहकाने शोरूममध्ये सनरूफ विचारले, हे विचारले नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर पुढे बसलेली दोन वर्षांची मुलगी बॅग उघडून गेली. त्याच डिसेंबरात वाशीत पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा गेला. दोन्ही वेळा समाजमाध्यमांवर पालकांना शिव्या पडल्या. नियमकर्त्यांना कुणी काही विचारल्याचे मला दिसले नाही.

५. बंद करणे आणि काढणे

इथे फरक शब्दाचा नसून यंत्राचा आहे. कारखान्यातले बटन एकाच सीटची बॅग गप्प करते. कंट्रोल युनिटला ते माहीत असते, बाकीच्या बॅगा आणि पट्टे ताणणारे प्रीटेन्शनर जागे राहतात, दिवा सगळ्यांना दिसतो आणि बॅग केव्हाही परत चालू होते. वायर उपटली की यातले काहीच उरत नाही. युनिटला दोष दिसतो, एअरबॅग यंत्रणेचा म्हणजे एसआरएसचा दिवा पेटतो, आणि अनेक गाड्यांत दोष असेपर्यंत बाकीची यंत्रणाही निकामी राहते. एक बॅग बंद करायला गेलेला माणूस चालकाच्या पट्ट्याचा प्रीटेन्शनरही घालवून बसतो.

मग गॅरेजमधले पुढचे वाक्य येते: ‘दिवा घालवून देतो.’ बॅगेच्या जागी एक रोधक जोडला की युनिट फसते आणि डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो. हा दिवा घालवणे मी एअरबॅग काढण्याहून मोठा गुन्हा मानतो. कारण गाडी विकली जाते. दोन वर्षांनी ती घेणाऱ्याला स्टिअरिंगवर अक्षरे दिसतील, दिवा दिसणार नाही, आणि आत काही नाही हे त्याला धडकेतच कळेल. अपघातात उघडलेल्या बॅगेचा खर्च वाचवण्यासाठीही हाच उद्योग चालतो. जुनी गाडी घेताना किल्ली फिरवल्यावर एसआरएसचा दिवा काही क्षण पेटून मग विझतो का ते पाहा. पेटलाच नाही, तर सौदा थांबवा. विझला तरी खात्री नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या.

काढण्याचे सरळ प्रसंगही असतात: स्टिअरिंगची दुरुस्ती, उघडलेली बॅग बदलणे, कंपनीने परत मागवलेला भाग, गाडी भंगारात जाणे. तेव्हाही ती स्फोटक वस्तू म्हणूनच हाताळायची असते. बॅटरी काढल्यावरही युनिटच्या कपॅसिटरमध्ये बॅग उडवण्यापुरती वीज काही मिनिटे शिल्लक राहते, म्हणून कंपनीने ठरवलेला वेळ थांबावे लागते. पिवळ्या कनेक्टरच्या तारांना मीटर लावायचा नसतो. मीटरचा प्रवाहही तिला उडवू शकतो. सुटी बॅग नेहमी झाकण वर करून ठेवतात, उघडली तर ती आकाशाकडे उघडावी म्हणून. हे ज्याला पाठ नाही त्याच्या हातात ती देऊ नये, आणि ज्याला पाठ आहे तो सहसा बेकायदा काम घेत नाही.

६. रोजची, विनापरवाना बंदी

बॅग निकामी करायला वायर उपटावीच लागते असे नाही. रेक्झिनचे घट्ट सीट कव्हर सीटमधून उघडणारी बाजूची बॅग अडवते. पुढे बसवलेला लोखंडी गार्ड धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत वेगळ्याच रीतीने पोचवतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले, तरी ते बाजारात आहेतच. प्रवाशाच्या बॅगेच्या झाकणावर चिकटवलेला पितळी गणपती श्रद्धेने बसवलेला असतो, पण बॅग उघडली की तो तिच्याच वेगाने बसणाऱ्याच्या तोंडावर येणार. बाप्पाला मध्यभागी, झाकणापासून दूर बसवले तर भक्तीत काही उणे येत नाही.

आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे पट्टा न लावणे. देशात २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ जण मेले; ८,३८४ चालक, ८,३३१ प्रवासी. पट्ट्याची टिकटिक बंद करायला बकलमध्ये नुसती खोचण्याची क्लिप मिळते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांतून अशा क्लिपच्या १३,११८ जाहिराती उतरवायला लावल्या. पट्टा न लावलेले शरीर ब्रेकच्या झटक्यातच पुढे सरकते आणि बॅग उघडताना तिच्या झाकणाशी असते. ज्याला बॅगेची भीती वाटते, त्याने आधी पट्टा लावावा.

७. आक्षेप

पहिला आक्षेप: आपल्याकडे बटन दिले तर लोक ते बंदच ठेवतील. काही ठेवतील. म्हणून ते किल्लीचे हवे, फक्त प्रवाशाच्या सीटचे हवे, दिवा चालकाला आणि प्रवाशाला दोघांना दिसायला हवा. चालकाच्या बॅगेला बटन नको; तिथे सीटची उंची आणि स्टिअरिंगचा कोन बदलून अंतर मिळवता येते, आणि ज्याला तेही जमत नाही त्याने अर्ज करावा. बटन नाही म्हणून लोक बॅग चालू ठेवतात हा समजच चुकीचा आहे. ते वायर काढतात, आणि मग कुठलाही दिवा कुणालाच दिसत नाही.

दुसरा: आपल्याकडे बालसीट वापरतो कोण, मूल मांडीवरच असते. बरोबर, आणि म्हणूनच बटन हा मांडीवरच्या मुलावरचा उपाय नाही. ताशी पन्नास किलोमीटरच्या धडकेत दहा किलोचे बाळ हातात शेकडो किलोंचे होते. बॅग बंद असली तरी ते आई आणि डॅशबोर्ड यांच्यात चिरडणार. बटनाची सोय ही बालसीट वापरणाऱ्याचा, आणि ज्याच्या गाडीला मागची सीटच नाही त्याचा हक्क आहे. बाकीच्यांना उत्तर एकच: मूल मागे.

तिसरा आक्षेप जड आहे: सदोष बॅगच फुटली तर? टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमधले अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षे खराब होत गेले आणि धातूचे तुकडे माणसांच्या अंगात घुसले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले. भारतातही होंडासारख्या कंपन्यांनी गाड्या बोलावल्या. कोकण किनाऱ्याच्या हवेत राहणाऱ्याला हे दूरचे वाटू नये. पण याच प्रकरणात माझ्या बाजूचा उत्तम पुरावा आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटे भाग पुरेनात, तेव्हा टोयोटाने अमेरिकेत ठरवले, की नवा भाग येईपर्यंत प्रवाशाची बॅग बंद करायची आणि ‘इथे बसू नका’ असा फलक लावायचा. बंदी एका सीटपुरती, मुदतीची, लेखी, आणि ती सीट रिकामी ठेवून. गाडी बनवणाराही बॅग बंद करतो, तेव्हा अशी करतो.

चौथा: माझी गाडी, माझा जीव. तुमचा जीव, मान्य. तुमच्या शेजारी बसणाऱ्याचा आणि तुमच्यानंतर गाडी घेणाऱ्याचा नाही.

८. मागणी

सरकारला फार काही शोधावे लागणार नाही. दिव्यांगांना गाडी आपल्या गरजेनुसार बदलून घेऊन मागाहून नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी मिळवण्याची वाट कलम ५२ मध्ये आधीच आहे. तशीच वाट एअरबॅगच्या बटनासाठी काढावी, कारणांची यादी छोटी ठेवावी आणि मंजुरीची नोंद आरसीवर यावी, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला ती दिसेल. नव्या गाड्यांत पुढच्या प्रवाशासाठी किल्लीचे बटन सक्तीचे करावे. कलम १९४-ब मध्ये बारा वर्षांखालचे मूल मागेच, हे शब्द घालावेत. आणि एसआरएसचा दिवा फसवण्याला मालकाच्या पाच हजारांच्या दंडात न गुंडाळता, ते काम पैसे घेऊन करणाऱ्यावर वेगळा गुन्हा ठेवावा.

हे होईपर्यंत गाडीच्या पुस्तकात बॅग बंद करण्याची सोय आहे का ते शोधा. असेल तर मागे तोंड करणारी बालसीट पुढे ठेवताना वापरा आणि सीट काढताच परत चालू करा. नसेल तर ती सीट मागे बसवा, आणि पिवळ्या वायरीला वायरमनचा हात लागू देऊ नका.